गोंड्याच्या डोक्यावरचे तीन ठिपके

एका जंगलात, भर दुपारी, एक मांजरी जागी होती.

मुलांनो, तुम्हाला वाटेल, यात काय एवढं? पण ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना विचारा. मांजरीने दुपारी जागं राहणं ही साधी गोष्ट नाही. दुपारी वारासुद्धा पडतो, मग मांजर का नाही पडणार? आणि हिची तर ही सलग चौथी दुपार होती.

हिचं नाव कुंतला. ती वाघाटी होती. वाघाटी म्हणजे रानातली मांजरच. आपल्या मांजराएवढीच असते, फक्त अंगावर बिबट्यासारखे ठिपके. तिला दोन पिल्लं होती, एक गोंडा आणि एक झिपरी. दोघंही पोटाशी गुरगुटून झोपली होती. कुंतला मात्र गोंड्याच्या डोक्याकडे टक लावून बसली होती.

गोंड्याच्या दोन कानांच्या मधोमध एक चट्टा पडला होता. तिथले केस गेले होते. चट्टा करवंदाएवढा होता.

काल तो करवंदाएवढाच होता की जरा लहान करवंदाएवढा, याचा कुंतला विचार करत होती.

कुंतला शिकलेली होती. पिंपळाखालच्या शाळेत तिने ‘पिल्लू : जन्म ते पहिली शिकार’ हा विषय घेतला होता. त्यात ती पहिली आली होती. पिल्लाला मानेला धरून कसं उचलावं हे तिला तोंडपाठ होतं. डोळे कितव्या दिवशी उघडतात हेही. केस गळण्याबद्दल मात्र काही शिकवल्याचं आठवत नव्हतं. शिकवलं असेलही. त्या दिवशी ती झोपली असेल. शेवटी मांजरच ती.

“काही नाही, होईल बरं,” तिने स्वतःला सांगितलं.

मग तिला आठवलं, पिल्लं पोटात असताना आपण एकदा शिळा सरडा खाल्ला होता.

तिने गोंड्याला पुन्हा एकदा चाटलं. नीट, कानापासून कानापर्यंत. मग झिपरीलाही चाटलं, कारण एकीला सोडलं तर बरं दिसत नाही. मग पुन्हा गोंड्याला.

आता एवढी काळजी कशाला, असं तुम्ही विचाराल. त्याचं कारण होतं ठिपकेपाहणी.

त्या जंगलात एक पद्धत होती. ठिपकेवाल्या कुळात पिल्लू जन्मलं की पहिल्या आठवड्यात त्याचे ठिपके पळसाच्या पानावर उतरवून घ्यायचे. तिसऱ्या महिन्यात ते पान आणि ते पिल्लू समोरासमोर ठेवून जुळवायचं. जुळलं की बिबटेसाहेब पानावर नखाची खूण करायचे. मग पिल्लाला ओढ्याकाठी शिकार शिकायची मुभा. जुळलं नाही तर हे पिल्लू ते पिल्लू नव्हे. मग ते आईच्या समोर बसून जांभया देत असलं, तरी जंगलाच्या दृष्टीने ते जन्मलेलंच नसायचं.

गोंड्याच्या पानावर, दोन कानांच्या मधोमध, तीन ठिपके होते.

गोंड्याच्या डोक्यावर, दोन कानांच्या मधोमध, काहीच नव्हतं.

पाहणीला दहा दिवस उरले होते.

शेवटी कुंतला सल्ल्याच्या फांदीवर गेली. ही फांदी म्हणजे ओढ्याजवळच्या जांभळीची खालची आडवी फांदी. जंगलातल्या आया रोज तिथे जमायच्या. कुणाचं पिल्लू केव्हा चालायला लागलं, कुणाचं अजून नाही, हे तिथे एका जागी कळायचं. न विचारताही कळायचं.

“अगं बाई!” अस्वलकाकू गोंड्याचं डोकं बघून म्हणाल्या. “हे कधीपासून?”

“चार दिवस झाले.”

“चार दिवस! आणि तू आज आलीस?”

अस्वलकाकूंच्या अंगावर जंगलात सर्वांत जास्त केस होते. त्यामुळे केसांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा होता. त्यांनी केसांसाठी कधी काही केलं नव्हतं, ते आपोआप उगवले होते, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. अस्वलकाकूंच्याही नाही.

“मध लाव,” काकू म्हणाल्या. “आमच्याकडे सगळ्याला मधच.”

“मध कसला लावतेस?” माकडीण मावशी वरच्या फांदीवरून म्हणाली. “उवा झाल्यात त्याला. उवा वेच. माझी आठ पोरं मी वेचूनच मोठी केली.”

“मी काही म्हणत नाही हं,” सशीणवहिनी म्हणाल्या, “पण गवत कमी पडतंय पोटात. आमची मुलं बघा.”

सगळ्यांनी त्यांची मुलं बघितली. मुलं खरंच गुबगुबीत होती. ससेच ते.

कुंतलाला तिघींचंही पटलं नाही. पण मनात आलं, आपण केलं नाही आणि नेमकं तेच बरोबर निघालं तर?

म्हणून तिने तिन्ही केलं.

सकाळी मध लावला. मधाला मुंग्या आल्या. कुंतलाने मुंग्यांसकट मध चाटून काढला. दुपारी उवा वेचायला बसली. तीन तास वेचल्यावर एकही सापडली नाही, तेव्हा तिला वाटलं, आपल्याला नीट वेचताच येत नसणार. संध्याकाळी गोंड्याला गवत चारलं. गोंड्याने ते चावलं, गिळलं आणि झिपरीच्या शेपटीवर ओकलं. मग कुंतलाने दोघांनाही पुन्हा धुऊनपुसून, म्हणजे चाटून, स्वच्छ केलं.

“आई, माझं पण डोकं बघ ना,” झिपरी म्हणाली.

“तुझं छान आहे, बाळ. सरक जरा, उजेड येऊ दे.”

झिपरी सरकली.

आठवड्याने चट्टा जांभळाएवढा झाला.

“मध कमी लावलास,” अस्वलकाकू म्हणाल्या.

“वेचताना घाई केलीस,” माकडीण मावशी म्हणाली.

“मी काही म्हणत नाही हं,” सशीणवहिनी म्हणाल्या, आणि खरंच काही म्हणाल्या नाहीत. पण ज्या नजरेने बघितलं, ती कुंतलाला घरी जाईपर्यंत पुरली.

पाहणीचा दिवस उजाडला. आणि त्या सकाळी, मुलांनो, आपल्या शिकलेल्या, पहिल्या आलेल्या कुंतलाने काय करावं?

तिने एक पिकलं जांभूळ घेतलं. नखाने फोडलं. पंजाला रस लावला आणि गोंड्याच्या टकलावर, पान समोर ठेवून, मोजून मापून तीन ठिपके काढले.

“हे काय करतेस?” झिपरीने विचारलं.

“काही नाही. दादाला जरा नीटनेटकं करतेय.”

“मला पण कर.”

“तुला कशाला? तुझे सगळे जागच्या जागी आहेत.”

झिपरीने फुटलेल्या जांभळाकडे बराच वेळ बघितलं.

पाहणी ओढ्यापलीकडच्या मोठ्या खडकावर होती. मोठी रांग लागली होती. कुंतलाच्या पुढे, रांगेत, एक घोरपड उभी होती. घोरपडबाई जंगलातल्या वैद्य होत्या, पण त्यांच्याकडे फारसं कुणी जात नसे. ज्या बाईच्या स्वतःच्या अंगावर एक केस नाही, तिला केसांतलं काय कळणार, असं सल्ल्याच्या फांदीवर ठरलं होतं.

“तुम्ही कशा इथे?” कुंतलाने विचारलं. “तुम्हाला तर ठिपके...”

“दरवर्षी कातडी सोलून निघते ना माझी,” घोरपडबाई म्हणाल्या. “मग मी तीच आहे हे येऊन सांगावं लागतं. मागच्या वर्षी साहेबांना पटायला दोन दिवस लागले. तोवर मी कोण होते कुणास ठाऊक.”

घोरपडबाईंचं पाच मिनिटांत झालं. त्या कडेला सावलीत जाऊन बसल्या. कुंतलाची पाळी आली.

बिबटेसाहेबांनी आधी झिपरीला जुळवलं. खूण केली. मग गोंड्याचं पान घेतलं.

“पाठ,” साहेब म्हणाले. “जुळतंय. पोट. जुळतंय. अरे, हलू नकोस. शेपूट. जुळतंय. डोकं...” त्यांनी मान वाकवली. “एक, दोन, तीन. जुळतंय.”

त्यांनी नख बाहेर काढलं. नख पानावर टेकायला आलं.

कुंतलाचा जीव भांड्यात पडला. आणि जीव भांड्यात पडलेल्या आईला जे दिसतं, तेच तिला दिसलं. गोंड्याच्या कपाळावर धुळीचा एक कण बसला होता.

साहेबांसमोर! अशा अवतारात!

तिने काही विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता. तिने गोंड्याला जवळ ओढलं आणि कपाळापासून मानेपर्यंत एकदा मस्त, लांबलचक चाटलं.



बिबटेसाहेबांनी पानाकडे बघितलं. मग डोक्याकडे. मग पुन्हा पानाकडे.

“आत्ता इथे तीन ठिपके होते.”

“हो, साहेब,” कुंतला तोंड मिटून म्हणाली.

“आता एकही नाही.”

“म्... हो, साहेब.”

“बाई, जीभ दाखवा.”

कुंतलाने जीभ दाखवली. ती जांभळी होती.

मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. कुंतलाला वाटलं, आत्ता जमीन दुभंगली तर बरं. पण खडक होता, दुभंगण्यातला नव्हता.

“तीस दिवसांनी या,” साहेब म्हणाले. ओरडले नाहीत. त्यांनाही आई होती, आणि ते लहान असताना तिने त्यांना पाहणीच्या खडकावरच चाटलं होतं. “ठिपके उगवून आणा. काढून आणू नका. आणि ही शेवटची पाळी हं. तेव्हा जुळलं नाही, तर मला हे पान फाडावं लागेल.”

खडकामागे येऊन कुंतला बसली आणि रडली. गोंडा तिच्या शेपटीशी खेळत होता. आपण जन्मलो आहोत की नाही याची त्याला मुळीच फिकीर नव्हती.

“इकडे आण बघू त्याला,” घोरपडबाई म्हणाल्या.

त्यांनी गोंड्याचं डोकं बघितलं. हात लावला नाही. नुसतं बघितलं. कडेची लाल गोल रेघ बघितली, मधले तुटके खुंट बघितले.

“याला चाटतं कोण?”

“मीच. दुसरं कोण चाटणार?”

“दिवसातून किती वेळा?”

“मोजत नाही मी.” मग कुंतला खाली बघत म्हणाली, “सत्तर.”

“आणि याला चाटून झालं की?”

“मग झिपरीला.”

“त्याच जिभेने?”

“बाई, मला एकच आहे.”

घोरपडबाईंनी मान हलवली. “नायटा आहे हा. नायट्याला ओल आवडते. आणि तू पोराचं डोकं दिवसभर ओलं ठेवतेस. तुझी जीभ कानशीसारखी. जो केस बिचारा उगवायला बघतो, तो तू आईच्या मायेने मुळासकट काढतेस. मुलगी अजून वाचली आहे, हे तिचं नशीब. हा एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो, आणि तू त्याला तोंडातून नेऊन पोचवतेस.”

मुलांनो, चार दिवस, सात दिवस, चौदा दिवस तिने चट्ट्याचं कारण शोधलं होतं. गवतात शोधलं, मुंग्यांत शोधलं, शिळ्या सरड्यात शोधलं. ते तिच्या तोंडात होतं.

“औषध सांगा,” ती हळूच म्हणाली.

“करंजाचा पाला वाटून मी स्वतः लावीन, एक दिवसाआड. खालचा पाचोळा रोज बदल. सकाळी दोघांना कोवळ्या उन्हात बसव, पण वेगवेगळं. आणि एकवीस दिवस जीभ तोंडात ठेव. दोघांनाही चाटायचं नाही.”

“आणि?”

“आणि काही नाही.”

“एवढंच?”

“एवढंच,” घोरपडबाई म्हणाल्या. “पण हे एवढंच फार अवघड आहे.”

अवघड म्हणजे किती अवघड! पहिल्या दिवशी कुंतला जीभ दातांत धरून बसली. दुसऱ्या दिवशी तिने एक दगड चाटला. दगडाला गुळगुळीत वाटलं असेल, कुंतलाला काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी गोंडा चिखलात लोळून आला आणि तिच्या पुढ्यात येऊन बसला. कुंतलाने डोळे मिटून घेतले आणि पिंपळाखालच्या शाळेतला सगळा अभ्यास मनात पहिल्यापासून म्हटला. चिखल वाळला. वाळल्यावर आपोआप पडला. चिखल आपोआप पडतो, ही गोष्ट त्या शाळेत कुणी शिकवली नव्हती.

सल्ल्याच्या फांदीवर बातमी गेली.

“कुंतला मुलांना चाटत नाही म्हणे.”

“काय सांगतेस!”

“शिकलेल्या ना बायका. आता दुरून वाढवणार.”

“मी काही म्हणत नाही हं,” सशीणवहिनी म्हणाल्या.

झिपरी रोज सकाळी येऊन आईच्या हनुवटीखाली डोकं घालायची. थोडा वेळ वाट बघायची.

“आज?”

“आज नाही, बाळ.”

“पण मला कुठे काय झालंय?”

“म्हणूनच नाही.”

हे झिपरीला कळलं नाही. खरं सांगायचं तर सांगताना कुंतलालाही नीट कळलं नाही. झिपरी आपल्या वेगळ्या उन्हात जाऊन बसायची आणि आई गोंड्याचं डोकं कशी बघते, ते बघायची. आई आता लांबून बघायची. पण बघायची गोंड्यालाच.

नवव्या दिवशी गोंड्याच्या डोक्यावर लव दिसली. कुंतलाला वाटलं, आपल्याला भास होतोय. तिने झिपरीला बोलावलं. “बघ गं, तुला काही दिसतं का?”

“धूळ आहे,” झिपरी म्हणाली.

पण ती धूळ नव्हती. पंधराव्या दिवशी केस बोटभर जागेत पसरले. अठराव्या दिवशी एक ठिपका आला, अगदी फिका. विसाव्या दिवशी दुसरा. एकविसाव्या दिवशी घोरपडबाई म्हणाल्या, “गेला. झालं माझं काम.” पण तिसरा ठिपका आला नव्हता, आणि तिसरा येईपर्यंत कुंतला कशालाच जीभ लावायला तयार नव्हती.

तो एकोणतिसाव्या दिवशी आला.

तिसाव्या दिवशी बिबटेसाहेबांनी पान घेतलं, डोकं घेतलं, आणि आधी म्हणाले, “बाई, जीभ.”

जीभ गुलाबी होती.

“एक, दोन, तीन,” साहेब म्हणाले. त्यांनी स्वतःच्या पंजाने ठिपके घासून बघितले. पुसले गेले नाहीत. पानावर नखाची खूण झाली, आणि गोंडा अधिकृतपणे जन्मला.

परतताना फांदीखालून जावं लागतं. अस्वलकाकूंनी गोंड्याचं डोकं बघितलं आणि सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, “बघा! मध लागू पडायला जरा वेळ लागतो, पण पडतो.”

कुंतला थांबली. सांगावं असं तिला फार वाटलं. घोरपडबाई, ओल, जीभ, सगळं. पण खाली फांदीशेजारी एक नवीन आई उभी होती, एक तरुण साळिंदरीण. तिच्या बाळाचे दोन काटे गळले होते आणि तिने चार दुपारी झोप घेतली नव्हती, हे तिच्या डोळ्यांवरून कळत होतं. ती कुंतलाकडे आशेने बघत होती.

“काय केलंत हो तुम्ही?” तिने विचारलं.

“काहीच केलं नाही,” कुंतला म्हणाली.

ते अगदी खरं होतं. पण साळिंदरिणीला वाटलं, ही सांगत नाहीये. ती वळून अस्वलकाकूंकडे गेली.

घरी आल्यावर कुंतला आडवी झाली. भर दुपार होती. वारा पडला होता. चाळीसहून जास्त दुपारींनंतर पहिल्यांदा तिचा डोळा लागला.

आणि कुणीतरी तिच्या हनुवटीखाली डोकं घुसवलं.

“आई, बघ.”

कुंतलाने डोळे उघडले. झिपरी होती. आणि झिपरीच्या डोक्यावर, दोन कानांच्या मधोमध, एक चट्टा होता. काळपट. गोल. करवंदाएवढा.

तीस दिवस! तीस दिवस जीभ तोंडात ठेवली, पाचोळा बदलला, ऊन वेगळं केलं. तरी गेलाच शेवटी. तिने झिपरीला जवळ ओढलं. कडेची लाल रेघ शोधली. ती नव्हती. तुटके खुंट शोधले. तेही नव्हते. केस सगळे जागच्या जागी होते, फक्त चिकटलेले होते. तिने वास घेतला.

जांभूळ.

झिपरी श्वास रोखून उभी होती. तिच्या पुढच्या उजव्या पंजाची पाची बोटं जांभळी होती.

कुंतलाने त्या पंजाकडे बघितलं. मग तिने जीभ बाहेर काढली. तीस दिवसांची उपाशी जीभ. आणि झिपरीला कपाळापासून मानेपर्यंत एकदा मस्त, लांबलचक चाटलं. चट्टा अर्धा गेला. तिने पुन्हा चाटलं. पुरा गेला.

“झालं बरं,” कुंतला म्हणाली.

झिपरीने डोळे मिटलेलेच ठेवले.

“कानामागे पण आहे, आई.”

तात्पर्य : घरात दोन मुलं असतील, तर शहाण्या आईने चट्टे दोघांना सारखे वाटून द्यावेत.

हे तात्पर्य झिपरीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “सारखे नको. दादाचं झालंय.”